विषयाला सोडून

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतले एक तरी जुने कपाट आवरायचे, असा नियम मी मुख्याध्यापक झाल्यापासून केला आहे. गेल्या उन्हाळ्यात पाळी आली चित्रकलेच्या कपाटाची. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापी सुरत शहरात शिरली तेव्हा तळमजल्यावरचे आमचे बरेचसे दप्तर गेले. हे कपाट वरच्या मजल्यावर होते म्हणून वाचले आणि वाचले म्हणूनच पुढे कोणी उघडले नाही. शिपाईमामा एकेक गठ्ठा काढून देत होते, मी धूळ झटकून काय ठेवायचे नि काय रद्दीत घालायचे ते सांगत होतो.

एका गठ्ठ्यावर लिहिले होते, 'माझे शहर सुरत : चित्रस्पर्धा, २००३'. उत्सुकतेने सोडला. तापीवरचे पूल, चौक बाजारचा किल्ला, डुमसचा समुद्रकिनारा, उतरायणाचे पतंग, मोठमोठ्या कापड मार्केटांसमोरची गर्दी. मुलांनी शहर अगदी भरून काढले होते. त्यांतच एक चित्र निघाले. त्यात ना नदी होती, ना पूल, ना माणूस. भिंतीत ठोकलेली एक फळी. फळीवर दोन पुडांचा जेवणाचा डबा, शेजारी सुताचा एक कोन, दोन रिकाम्या बॉबिन आणि उपडा ठेवलेला पितळेचा पेला. मागे खिळ्याला अडकवलेल्या सदऱ्याची एक बाही तेवढी दिसत होती. बस्स. रंग पातळ, कागद साधा. पण डब्याच्या कडीवर जिथे उजेड पडला होता तिथे मुलाने कागद कोरा सोडला होता आणि ती कडी आजही चमकत होती.

चित्राच्या खाली उजव्या कोपऱ्यात लाल शाईने शेरा होता, 'विषयाला सोडून.' खाली आद्याक्षरे. आद्याक्षरे माझीच होती.

त्या वर्षी मी मुख्याध्यापक नव्हतो, मराठीचा शिक्षक होतो. मराठीचा शिक्षक म्हणजे सगळ्या स्पर्धांचा हक्काचा परीक्षक. वक्तृत्व असो, रांगोळी असो की चित्रकला. साठ-सत्तर चित्रे तासाभरात उरकली असतील. या चित्राच्या वाट्याला माझा किती वेळ आला असेल? शेरा लिहायला लागला तेवढाच.

खरी लाज वाटली ती पुढच्या आठवणीने. दोन वर्षांपूर्वी याच शाळेत, मुलांच्या चित्रप्रदर्शनाच्या वेळी, मी चित्रकार कृष्णाजी हौलाजी आरा यांच्यावर चांगले अर्धा तास बोललो होतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आरांची थोरवी मी ज्या गोष्टीसाठी गायिली, तीच गोष्ट एका मुलाने माझ्यासमोर ठेवली तेव्हा मी तिला लाल शाईने बाद करून बसलो होतो आणि हे मला आठवतही नव्हते!

आरा हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. हुसेन सर्वांना ठाऊक, रझा बऱ्याच जणांना. आरा त्यांच्याच पंगतीतले, पण पंगतीच्या कडेला बसलेले. मला त्यांची ओळख झाली ती योगायोगानेच. कामानिमित्त मुंबईला गेलो होतो, गाडी रात्रीची होती आणि दुपार रिकामी होती. कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, तिथे शिरलो. चित्रांतले मला फारसे कळत नाही. एका भिंतीशी थबकलो, कारण तिथे कळण्यासारखे काही असेल असे वाटले नाही, म्हणून धीर आला. फुलदाणी आणि फुले. त्यात काय कळायचे? पण जवळ गेलो तर ती फुले देवघरातल्यासारखी सोज्वळ नव्हती, दिवाणखान्यातल्यासारखी शिष्टही नव्हती. रंगाचे जाड थर, ठसठशीत देठ. आणि फुलदाणी अशी बसलेली, की तिला हलवायला दोन्ही हात लागावेत. खाली नाव होते, के. एच. आरा.

सुरतेला परत आल्यावर आमच्या चित्रकलेच्या सरांना विचारले. सर म्हणाले, "साहेब, तो माणूस घरगडी होता." मग मी मिळेल ते वाचत गेलो.

आरांचा जन्म १९१४ चा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. वडील मोटारचालक. मुलगा तीन वर्षांचा असताना आई गेली, वडिलांनी दुसरे लग्न केले. आणि सातव्या वर्षी, ज्या वयात आपण मुलांना रस्ता ओलांडताना हाताला धरतो त्या वयात, हा मुलगा घरातून पळाला तो थेट मुंबईला. तिथे मोटारी धुतल्या. मग लोकांच्या घरी घरगडी म्हणून राहिला. झाडलोट, भांडी, फर्निचर पुसणे. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा हा सोळा वर्षांचा पोरगा त्यात पडला आणि पाच महिने तुरुंगात राहून आला. बाहेर आल्यावर पुन्हा तेच काम आणि कामातून वेळ मिळेल तेव्हा चित्रे.

त्यांच्या चित्रांकडे प्रथम गांभीर्याने कोणी पाहिले? ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. रुडॉल्फ फॉन लायडन हे मूळचे जर्मन. १९३३ साली, हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी, ते मुंबईला आले आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'त कलासमीक्षा लिहू लागले. वॉल्टर लँगहॅमर हे व्हिएन्नाकडचे चित्रकार. नाझींच्या छायेतून निसटून तेही मुंबईत आले आणि त्याच वृत्तपत्रसंस्थेचे कलासंचालक झाले. सिकंदराबादेकडून पळून आलेल्या या मोटारी धुणाऱ्या तरुणाची चित्रे पाहून त्याला "काढत राहा" असे सांगणारे हे असे लोक होते. ज्यांचे स्वतःचे घर मागे राहिले होते, त्यांनाच त्या चित्रांतल्या घरगुती वस्तूंचे मोल कळले. माझे हे अनुमान चुकीचे असेल कदाचित, पण मला ते सोडवत नाही.

१९४२ मध्ये आरांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. दोन वर्षांनी राज्यपालांचे, म्हणजे त्या काळच्या गव्हर्नरांचे पारितोषिक मिळाले. मग स्वातंत्र्य आले. सगळा देश रस्त्यावर उतरला होता, आणि आरांनीही त्या दिवसाच्या मिरवणुकीचे एक भले मोठे चित्र काढले. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात ते नाकारले गेले. या नकाराने जी ठिणगी पडली तिच्यातून १९४७ मध्ये सहा तरुणांचा एक गट उभा राहिला, 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप'. त्यातली सहा नावे एकदा सावकाश वाचावीत. फ्रान्सिस न्यूटन सूझा, गोव्यातल्या साळगावचे. सय्यद हैदर रझा, मध्य प्रांतातल्या मंडला भागातले. मकबूल फिदा हुसेन, पंढरपुरात जन्मलेले, मुंबईत सिनेमाच्या पाट्या रंगवणारे. हरी अंबादास गाडे, अमरावतीकडचे. सदानंद बाकरे, बडोद्यात जन्मलेले. आणि आरा. आधुनिक भारतीय चित्रकलेत मुंबईचे म्हणून जे नाव गाजले ते उभे करणाऱ्या या सहा जणांतले किती मुंबईत जन्मले? हिशेब वाचकांनीच करावा.

पुढे १९४९ मध्ये सूझा लंडनला गेले. १९५० मध्ये रझा पॅरिसला, त्यानंतर बाकरे लंडनला. गट विसकटला. आरा मुंबईतच राहिले. सातव्या वर्षी एकदाच जे घर सोडले, त्यानंतर या माणसाने मुक्काम म्हणून काही सोडला नाही. एका लहानशा खोलीत राहायचे आणि तिथेच चित्रे काढायची. फुलदाणी, फळे, घागर, बाटली, कापड. आरंभी जलरंग आणि अपारदर्शक रंग वापरत, पण तेही इतके जाड लावत की पाहणाऱ्याला ते तैलरंगच वाटावेत. पुढे तैलरंगही आले. त्यांनी स्त्रीदेहाची चित्रेही काढली आणि त्यावरून चर्चाही झाली. पण नाव निघाले की डोळ्यांसमोर येते ते स्थिरचित्रच.

आणि नियतीची गंमत पाहा. ज्या बॉम्बे आर्ट सोसायटीत स्वातंत्र्याची मिरवणूक नाकारली गेली, त्याच सोसायटीने १९५२ साली आरांना सुवर्णपदक दिले. कोणत्या चित्राला? चित्राचे नाव 'टू जग्स'. दोन जग. दोन भांडी! केवढा मोठा विषय बाद झाला आणि केवढासा विषय सोन्याचा ठरला.

इथे मला थोडे आमच्या सुरतेविषयी बोलले पाहिजे. सुरत म्हटले की आपल्या मराठी मनाला आधी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. त्यात गैर काही नाही. पण त्याच काळात सुरतेत डच व्यापाऱ्यांची वखार होती आणि कतारगाम दरवाज्याजवळ त्यांचे कब्रस्तान आजही आहे. त्यातली सर्वांत मोठी कबर म्हणजे घुमटाची चांगली दुमजली इमारत आहे. ती हेंड्रिक फान रीड या डच अधिकाऱ्याची. १६९१ च्या डिसेंबरात, जहाजाने सुरतेकडे येत असतानाच तो वारला. मलबारातल्या सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे आणि माहिती असलेला बारा खंडांचा एक ग्रंथ त्याने करवून घेतला आणि तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्या ग्रंथाला साहाय्य करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीनचे कोकणी वैद्य होते. त्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. गोवा सोडून दूर गेलेल्या समाजातले हे लोक, एका परदेशी माणसासाठी परमुलखातल्या झाडापानांची नावे सांगत होते.

मी दरवर्षी आठवीच्या मुलांना ही कबर दाखवायला नेतो. तिथेच मला सुचले, की आपण ज्याला स्थिरचित्र म्हणतो ते इंग्रजी नाव मुळात डच शब्दावरून आले आहे. फान रीडच्या त्या काळातच हॉलंडात टेबलावरच्या वस्तूंची चित्रे घरोघर लागत होती. अर्धवट सोललेले लिंबू, काचेचा पेला, पूर्वेकडून जहाजाने आलेली चिनी मातीची वाटी. सुरतेच्या बंदरातून नीळ आणि कापड भरून जी जहाजे जात, ती याच लोकांची. पण त्याच शतकात फ्रान्समधल्या कलापंडितांनी चित्रविषयांची एक उतरंड रचली. सर्वांत वर इतिहास-पुराणे, मग माणसांची चित्रे, त्याखाली निसर्ग आणि सर्वांत तळाला फळे, फुले, भांडी. कारण काय, तर त्यात जीव नाही. माझ्या लाल शाईची कुळी इतकी जुनी आहे, हे कळल्यावर मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही.

आपल्या शाळांतही तीच उतरंड आपण नकळत चालवतो. आम्ही खानदेशात शिकत असताना एलिमेंटरीच्या परीक्षेला वस्तुचित्राचा पेपर असे. किटली, कपबशी, दोन लिंबे आणि खाली चौकडीचे फडके. किटलीचा तोंडाकडचा लंबगोल बरोबर आला की गुण मिळत. ते चित्र नव्हे, चित्राआधीचा व्यायाम, असेच मनात बसलेले. किटली कोणाची, तिच्यातून कोणाला चहा मिळतो, हे विचारायची सोयच नव्हती.

आरांना ते विचारायची गरज नव्हती. इतर चित्रकार फुलदाणी टेबलावर मांडून समोर बसतात. या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे दुसऱ्यांच्या फुलदाण्या उचलून, पुसून, पुन्हा जागच्या जागी ठेवण्यात घालवली होती. त्यांचे वजन त्याच्या मनगटांना माहीत होते. फुटली तर काय होईल, तेही माहीत होते. एखादी वस्तू मालकाला दिसते ती शोभा म्हणून. जो पुसतो त्याला तिची पाठ, तिचा तळ, तिला गेलेला बारीक तडा ठाऊक असतो. त्या दुपारी मुंबईत मला ती फुलदाणी जड का वाटली, याचा उलगडा मला असा झाला. त्यांच्यावर आक्षेप घेतला जातो की तीच तीच फुले त्यांनी फार वेळा काढली. काढली असतील. तीच तीच भांडीही त्यांनी फार वेळा पुसली होती.

पुढे आरांना मान मिळाला. मुंबईच्या आर्टिस्ट्स सेंटरचे ते चिटणीस होते, नव्या मुलांना प्रदर्शनासाठी भिंत मिळावी म्हणून ते संस्थेच्या कामात राबले. ललित कला अकादमीचे ते फेलो झाले. १९८५ च्या जूनमध्ये मुंबईतच वारले. मोठा बंगला नाही, परदेशी नागरिकत्व नाही. एक खोली आणि भिंतीला टेकवलेल्या चौकटी.

हे सगळे मी मुलांना सांगितले होते. आणि आता ते फळीवरच्या डब्याचे चित्र माझ्या मांडीवर होते.

चित्राच्या मागे नाव होते, इयत्ता आठवी, तुकडी ब. नाव वाचताच चेहरा आठवला. नाव इथे देत नाही. शेवटच्या बाकावरचा, मान खाली घालून बसणारा. जनरल रजिस्टर काढले. पुढच्याच वर्षी, नववीत असताना, त्याने शाळा सोडली होती. कारणाच्या रकान्यात आम्ही नेहमी लिहितो तेच, 'कौटुंबिक अडचण'. त्या वेळी मी त्याच्या घरी गेलो होतो, हेही आठवले. लिंबायतमध्ये एका चाळवजा घराची वरची खोली. वडील साक्रीकडचे, लूम्सच्या खात्यात कामाला. इथे कारखान्याला 'खाते'च म्हणतात. ते उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले होते, "गुरुजी, पोऱ्या कामले लागना आते." मी दोन उपदेशाचे शब्द बोललो, चहा घेतला आणि जिना उतरलो.

आमच्या शाळेतली बहुतेक मुले अशाच घरांतली. धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेली कुटुंबे. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटाच्या एका टोकाला आपण घरचे असतो, दुसऱ्या टोकाला परप्रांतीय. मुंबईत हा शब्द आपले लोक ज्यांना उद्देशून वापरतात, ते इथे आम्हीच आहोत. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, आणि खात्यात शेजारच्या यंत्रावर ओडिया बोलणारा सोबती. अशा मुलाला आम्ही विषय दिला होता, 'माझे शहर सुरत'.

त्याचा पत्ता माजी विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरच्या गटातून दोन दिवसांत लागला. आता तो पस्तिशीच्या आसपासचा. साड्यांवरच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइने संगणकावर तयार करतो. मी येतो म्हणालो तर त्याला काळजी वाटली, काही कागदपत्रांची भानगड तर नाही? एका रविवारी चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून नेले. आता दोन खोल्या आहेत. त्याच्या पत्नीने पाणी दिले, "सर, बसा ना" म्हणून खुर्ची पुढे केली.

चित्र पाहून तो हसला. मग बराच वेळ पाहत राहिला.

"डबा बाबांचा आहे, सर," तो म्हणाला. "आहे अजून. गावाला असतो त्यांच्याजवळ."

मी म्हणालो, "अरे, तू हे का काढलंस? सगळ्यांनी पूल काढला, किल्ला काढला."

त्याला उत्तर शोधावे लागले नाही. "बाबांची रातपाळी असायची, सर. बारा तासांची. सकाळी सातला यायचे आणि झोपायचे. खोली एकच. आई धागे कापायच्या कामाला जायची. आपली शाळा दुपारची. तोवर मी घरात. आवाज करायचा नाही, दिवा लावायचा नाही, दार उघडं ठेवलं की गल्लीतला आवाज आत येतो म्हणून दारही लावून घ्यायचं. वरच्या जाळीतून उजेड यायचा तो त्या फळीवर. तेवढंच दिसायचं. आणि ते हलत नव्हतं, मग बसून काढता यायचं." थोडे थांबून म्हणाला, "मी किल्ला पाहिलाच नव्हता तोवर. मला वाटलं, सुरत म्हणजे हेच."

मी काय बोलणार! तीस वर्षे 'चित्रमय वर्णन', 'वातावरणनिर्मिती' असले शब्द मी फळ्यावर लिहीत आलो. त्या चित्रात एक माणूस आहे आणि तो झोपला आहे, हे मला दिसले नव्हते. खिळ्याला अडकवलेली बाही त्याची. उपडा पेला त्याने पाणी पिऊन ठेवलेला. मुलाने वडिलांचे चित्र काढले नाही, वडिलांच्या झोपेचे काढले. ती मोडू नये म्हणून किती हळू बसला असेल तो! आणि आम्ही म्हणतो, स्थिरचित्रात जीव नसतो.

"शेरा माझा आहे," मी म्हणालो. "चूक झाली."

"असू द्या, सर. विषय दिला होता ना शहराचा." तो मलाच सावरून घेत होता. "बक्षीस मिळणार नव्हतंच. पण परत मिळेल असं वाटलं होतं. बाबांना दाखवायचं होतं."

हे मात्र लागले. बक्षिसे दिली त्यांची चित्रे लावली, बाकीची कपाटात टाकली. परत द्यायची असतात, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. दोष शाळेचा आणि शाळा म्हणजे त्या वेळी मी.

मी चित्र त्याच्यापुढे केले. म्हणालो, "हे तुझंच आहे. आता तरी दाखव." त्याने मोबाइलवर चित्राचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे गावी पाठवून दिला. मूळ चित्र मात्र माझ्या हातात परत दिले. "शाळेत असू द्या, सर. इथे पोरं फाडतील." निघताना त्याने संगणकावरचे आपले काम दाखवले. जांभळ्या साडीच्या काठाची वेल. एकेक पाकळी मोठी करून तो दाखवत होता, टाका कुठून सुरू होतो, कुठे संपतो. दिवसभर तो फुलेच काढतो. कोणाच्या अंगावर जातात, ते त्याला कळत नाही.

त्याची चित्रकला आम्ही मारली, असा आव मी आणणार नाही. शाळा सोडायला भाग पाडणारी कारणे माझ्या लाल शाईपेक्षा मोठी होती. आरांनाही कोणी वाचवले असे नाही, ते स्वतःच्या जिद्दीने तगले. पण त्यांना "काढत राहा" म्हणणारे दोघेतिघे वेळेवर भेटले. शिक्षकाला याहून अधिक काही करता येत नसेल, पण एवढे नक्की करता येते. निदान चित्र परत तरी देता येते.

ते चित्र आता माझ्या कार्यालयात लावले आहे, लाल शेऱ्यासकट. तपासणीला येणारे अधिकारी विचारतात, तेव्हा मी शेरा कोणाचा तेही सांगतो. आणि या वर्षापासून चित्रकलेच्या सरांशी बोलून एक बदल केला. वस्तुचित्राच्या तासाला किटली आणि लिंबे कपाटातच राहतात. प्रत्येक मुलाने घरून एक वस्तू आणायची. ती कोणाची, कोण वापरते, एवढे दोन ओळींत सांगायचे आणि मग चित्र काढायचे. आतापर्यंत लाटणे आले, धागे कापायची कात्री आली, हिऱ्याच्या कारखान्यात वापरायचे भिंग आले, आजीची चष्म्याची डबी आली.

परवा सातवीतल्या एका मुलीने किल्ली आणली. साधी, लोखंडी, थोडी गंजलेली. सरांनी विचारले, कोणाची? ती म्हणाली, "आमच्या गावच्या घराची. तिथं आता कुणी नाही, पण पप्पा खिशातच ठेवतात. आज मागून आणलीय, संध्याकाळी परत द्यायची आहे."

सरांनी ती टेबलाच्या मधोमध ठेवली. बाकीच्यांनीही आपापल्या वस्तू बाजूला सारल्या. त्या दिवशी सगळ्या वर्गाने ती किल्लीच काढली. मी दारात उभा होतो. आत एवढी शांतता होती की मी आल्यापावली मागे फिरलो.